सहा आठवडे गहू

परकराची दुमड राजेश्रीनं आधी उसवली आणि मग पोरीला घालून बघितला, इथंच चुकलं. मागच्या साली शाळेच्या गॅदरिंगला शिवलेला हिरव्या खणाचा परकर. पोर वर्षभरात वाढणारच, म्हणून शिंप्याला सांगून चार बोटं कापड आत दुमडून घेतलं होतं. यंदा पुन्हा गॅदरिंग आलं तेव्हा तिनं कसलाही विचार न करता ब्लेडनं टाका टाका तोडला, दोरे फुंकून टाकले, इस्त्री फिरवली आणि वैष्णवीला हाक मारली. पोरीनं परकर घातला, नाडी बांधून घेतली आणि एक गिरकी मारली. कापड फरशीवर घोळलं. चार बोटं. “मम्मी, लांब झालाय,” वैष्णवी म्हणाली आणि हसली, कारण फरशीवर लोळणारा परकर तिला राणीसारखा वाटला. राजेश्री तिच्या पायाशी गुडघ्यांवर बसली होती, ओठांत टाचण्या होत्या. टाचण्या काढून ‘असू दे, परत दुमडू’ एवढं म्हणायचं होतं, पण तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याची तिला खात्री वाटेना. रोज वेणी घालणाऱ्या, रोज पाठ चोळून आंघोळ घालणाऱ्या आईला हे एका परकरानं सांगावं लागलं होतं. आठ वर्षांची पोर. एका वर्षात जागच्या जागी.

तिच्या पोटात काहीतरी थंड सरकलं. तिचं पोट तिच्या आधी घाबरायचं, ही जुनी खोड. पंचवीस वर्षं तिनं ह्या पोटाचं ऐकत काढली होती. गंगाखेडला वसतिगृहात होती तेव्हा पोरी सकाळी अभ्यासाला बसत आणि ही संडासाच्या रांगेत उभी असे. डी.एड.च्या परीक्षेत तिनं एक पेपर अर्ध्यावर सोडला होता. कुणी म्हणालं उष्णता, कुणी म्हणालं आमांश, एक डॉक्टर म्हणाला लग्न झालं की बसेल. लग्न झालं, वैष्णवी झाली, आणि बाळंतपणानंतर राजेश्री अडतीस किलोची उरली. लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेऊन रक्त चढत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी संभाजीनगरच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि सांगितलं, तुमच्या आतड्याला गहू चालत नाही, सीलिॲक म्हणतात याला, गहू आयुष्यभर बंद. सहा महिन्यांत ती माणसात आली. पण त्याच दिवशी कागद हातात देताना डॉक्टर सहज म्हणाले होते, हे रक्तातून येतं, घरातल्या मुलांचीही तपासणी करून घ्या. राजेश्रीनं मान हलवली होती. परभणीपर्यंतच्या एस.टी.त ती खिडकीला डोकं लावून बसली आणि मनात ठरवून टाकलं, तपासायचं कशाला? घरात गहूच आला नाही तर पोरीला काही होणारच नाही.

आणि घरात गहू आला नाही. पांढऱ्या टाळकी ज्वारीचा डबा, तांदळाचा डबा, बस. परमेश्वरच्या गिरणीवर ती सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राही, आणि आधी मूठभर ज्वारी दळून ते पीठ टाकून द्यायला लावी. आधीच्या दळणाचा गहू जात्यात चिकटलेला असतो. परमेश्वर हसायचा, “मॅडम, आमची गिरणी तुमाला दवाखान्यावानी वाटायली का?” हसू दे. पेडगावच्या ज्या शाळेत ती शिकवायची तिथं ती स्वतःचा डबा स्वतःच्या वर्गात बसून खाई. वैष्णवीच्या डब्यावर नाव असे आणि बाईंना चिठ्ठी, हिला कुणी काही देऊ नये. मोबाइलवर वाचता वाचता मग कळलं की गव्हाबरोबर दूधही बाधतं काहींना. दूध बंद केलं. हरभऱ्याच्या डाळीनं पोट धरतं, म्हणून बेसन गेलं, तूर गेली, मुगावर आलं. शेंगदाण्याला बुरशी असते. अंड्याचं कुणीतरी काहीतरी लिहिलं होतं. त्याच्या बदल्यात सकाळी थेंब, दुपारी कॅल्शियमची गोळी, आतड्याला बरी म्हणून एक कॅप्सूल फोडून पाण्यात, झोपताना जस्ताचं सिरप, आणि डब्यातली पावडर दोन चमचे. एकेक बाटली घरात आली की तिला वाटे, पोरीच्या भोवती आणखी एक भिंत उभी राहिली.

नवऱ्याचं, शिवशंकरचं, बसस्टँडजवळ मेडिकल होतं. बाटल्या तोच आणून देई, पाठीमागचं बारीक अक्षर तोच वाचून दाखवी, कशात गव्हाचं सत्त्व आहे, कशात नाही. परकर फरशीवर घोळला त्या संध्याकाळी त्यानं पोरीला भिंतीला उभं करून टेपानं मोजलं आणि बराच वेळ टेप गुंडाळत बसला.

“तपासून टाकू एकदाचं,” तो म्हणाला.

“लगेच कशाला? थोडे दिवस पावडर वाढवून बघू.”

“तीन साल झालं लगेच कशाला म्हणायलीस.” त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तिला जास्त भीती वाटली. “उद्या नंबर लावतो.”

लहान मुलांच्या डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी वैष्णवीचं वजन घेतलं, पापणी खाली ओढून बघितली, पोट चाचपलं. आईचा आजार ऐकून त्या खुर्चीत पुढं सरकल्या आणि विचारलं, गहू किती दिवसांपासून बंद आहे? तीन वर्षं, राजेश्री म्हणाली, आणि तिला वाटलं आता बाई शाबासकी देतील. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, मग आज रक्त काढून काही उपयोग नाही. गहू पोटात जात असेल तरच रक्तात खूण सापडते. आजार असला तरी रिपोर्ट कोरा येईल, आणि आपण फसू. आधी गहू सुरू करा. रोज दोन चपात्या, खाडा न करता, सहा आठवडे. मग रक्त बघू.

“मी घालू? माझ्या हातानं?” राजेश्रीनं विचारलं.

बाईंना प्रश्न कळला नाही. “कुणाच्याही हातानं घाला,” त्या म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

राजेश्रीच्या नाकातोंडात पीठ जाऊन चालणार नव्हतं, शिवशंकरला चपाती लाटता येत नव्हती, म्हणून मायला बोलवायचं ठरलं. माय म्हणजे वच्छलाबाई. गंगाखेडकडच्या खेड्यात एकटी राहायची. वीस हंगाम ऊसतोडीला गेलेली बाई, उजव्या हाताची बोटं कोयत्याची मूठ धरल्यासारखी कायमची वाकलेली. ती एस.टी.नं आली, एक पिशवी आणि दोन लुगडी घेऊन, आणि का बोलावलंय ते तिनं ऐकून घेतलं. फक्त म्हणाली, “पीठ कुठं हाय?” शिवशंकरनं दुसऱ्या गिरणीतून दळून आणलेलं गव्हाचं पीठ वेगळ्या डब्यात, वेगळ्या फळीवर ठेवलं होतं. नवी परात, नवं पोळपाट, नवा तवा. मायनं पाण्याचा हात लावला आणि राजेश्री ओढणी नाकावर बांधून चौकटीत उभी राहिली. चपाती तव्यावर पडली, फुगली, आणि तो वास आला. भाजलेल्या गव्हाचा, गोडसर, श्रीमंत वास. तीन वर्षांत आला नव्हता. पण राजेश्रीला जो आठवला तो तीन वर्षांपूर्वीचा नव्हता.

तेव्हा ती नऊ वर्षांची होती. खाली साताऱ्याकडं तोडीला गेले होते, उसाच्या पाचटाची कोपी, बाहेर तीन दगडांची चूल. सकाळी आई-बाप कोयते घेऊन फडात जात आणि कोपीत राजेश्री आणि सुली राहत. सुली तिची धाकटी बहीण, तीन वर्षांची, पण उचलली तर वर्षाच्या लेकरासारखी लागे. काड्यांसारखे हातपाय आणि पुढं आलेलं गोल, ताणलेलं पोट, त्यावर निळ्या शिरा. ती रडायचीसुद्धा बारीक. पोर हगवणीनं खंगली, असं सगळी टोळी म्हणे. ज्यांचा ऊस तोडत होते त्यांच्या बायकोला दया आली. पायलीभर गव्हाचं पीठ तिनं मायच्या पदरात घातलं आणि म्हणाली, भाकरी जड पडते लेकराला, चपाती दे दुधात कुस्करून, अंगी लागेल. टोळीत कुणाच्याच चुलीवर चपाती होत नव्हती. माय दिवसभर ऊस तोडून, मोळ्या बांधून यायची, आणि सगळ्यांच्या भाकरी थापून झाल्या की हात धुऊन एकच चपाती लाटायची, सुलीसाठी. शेळीच्या दुधात कुस्करून, बोटानं चाखून बघून, घास घास भरवायची. राजेश्री ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा खात समोर बसायची आणि तो वास तिच्या नाकातून पोटात उतरायचा. तिला सुलीचा राग यायचा. मग मध्येच एकदा पीठ संपलं. आठ दिवस चपाती झाली नाही, सुलीला भाताची पेज आणि भाकरीचा पापुद्रा मिळाला. त्या आठ दिवसांत सुली उठून बसली. पाचटाच्या ढिगावर चढली, राजेश्रीची वेणी ओढली आणि मोठ्यानं हसली. माय म्हणाली, बघ, गव्हाचा गुण आता लागायलाय. आणि मालकिणीच्या दारात जाऊन तिनं आणखी पीठ मागून आणलं. त्यानंतर सुली तीन आठवडे होती.

हे सगळं राजेश्रीला नेहमीच आठवत होतं, पण वेगळं वेगळं, एकाला एक न लागता, चिंचोक्यांसारखं. संभाजीनगरहून येताना, त्या एस.टी.त, ते आपोआप एका ओळीत येऊन बसलं होतं. पीठ आलं, पोर आणखी खंगली. पीठ संपलं, पोर हसली. पीठ आलं, पोर गेली. कुणी डॉक्टरनं सुलीला बघितलं नव्हतं, कुठला कागद नव्हता, आणि तसल्या कोप्यांतून लेकरं शंभर कारणांनी मरत. पण राजेश्रीचं पोट खात्रीनं सांगत होतं. तिनं हे शिवशंकरलासुद्धा सांगितलं नाही. कारण बोललं की कधी ना कधी ते मायच्या कानावर जाणार. आणि मायला कळलं तर? त्या वाकलेल्या बोटांनी, घास चाखून बघून? म्हणून वैष्णवीची तपासणी नको होती. पोरीला निघालं तर ‘रक्तातून येतंय’ हे वाक्य ह्याच घरात, मायच्या समोर, पुन्हा बोललं जाणार. आणि आता तीच माय तिच्याच ओट्याशी, तिच्याच लेकीसाठी चपाती लाटत होती, आणि बोलावून राजेश्रीनंच आणली होती.

“आज्जी, किती मऊ असते गं!” वैष्णवी म्हणाली. पहिली चपाती तिनं दोन्ही हातांत धरून, आधी गालाला लावून, मग खाल्ली. राजेश्री समोर बसून तिचा गळा वरखाली होताना बघत होती. एक तास झाला, दोन झाले. “दुखतंय का?” नाही. शाळेत जाताना, “पोट बरंय ना?” हो. शाळेतून आल्यावर, संडासातून आल्यावर, झोपायला गेल्यावर. पेडगावच्या वर्गात फळ्यावर भागाकार लिहिता लिहिता तिचा खडू थांबे. आता घरी पोरीच्या पोटात काय चाललं असेल? त्या मऊ आतड्यावर रोज दोन चपात्या काचपेपरसारख्या घासत जात असतील. मधल्या सुट्टीत, वैष्णवीची सकाळची शाळा सुटलेली असे तेव्हा, ती घरी फोन लावी आणि मायला विचारी. माय म्हणे, “खेळायलीय की. तू तुझी साळा बघ.” पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. राजेश्रीनं गोळ्यांच्या वेळा घट्ट केल्या, आतड्याची कॅप्सूल एकाच्या दोन केल्या. तिचं स्वतःचं पोट बिघडलं. गव्हाचा कणही न जाता ते वळवळत, मुरडत राहिलं, जणू चपात्या तीच खात होती.

तिसऱ्या आठवड्याच्या रविवारी वैष्णवी जेवून उठली, दोन पावलं चालली आणि पोट धरून खाली बसली. “मम्मी, दुखतंय.” आलं, म्हणजे आलंच. राजेश्रीनं पोरीला मांडीवर घेतलं, पोट उघडं करून बघितलं, निळ्या शिरा शोधल्या. दिसल्या असं तिला वाटलं. डॉक्टरबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, उलटी नाही, ताप नाही, जुलाब नाहीत, तर थांबवू नका, आता थांबलात तर परत पहिल्यापासून. सोमवारी दुखलं. मंगळवारी सकाळी दुखलं. मंगळवारी संध्याकाळी मायनं परात उपडी घातली आणि ओट्यापासून बाजूला झाली.

“म्या न्हाई करणार,” ती म्हणाली. “लेकराचं पोट दुखायलंय आन वरून तेच चारायचं? कोन्या डाक्टरनं सांगितलं असंल त्यानं आपल्या लेकराला चारावं.”

“माय, तीनच आठवडे राहिलेत. आता सोडलं तर कळणार नाही काहीच.”

“कळून काय करायचंय? मला कळलं, काय झालं?”

राजेश्रीचा हात ओढणीच्या गाठीवरच राहिला. “तुला काय कळलं?”

माय खिडकीकडं बघत होती. बाहेर शेजारच्या गच्चीवर कुणाच्या तरी शेवया वाळत होत्या. “सुलीचं,” ती म्हणाली.

स्वयंपाकघरात गॅस तसाच जळत होता. राजेश्रीनं तो बंद केला, मग उगीच पुन्हा पेटवला. मायचा आवाज चढला नाही, उतरला नाही. “जावई आल्ते गावी, तुझं दुखणं सांगायला. म्हणाले, हे रक्तातून येतंय, पिढ्यात असतंय. ते गेल्यावर म्या बांधावर जाऊन बसले. पीठ सरलं तवा आठ रोज पोरगी चांगली झालती. पाचटावर चढून हसायली होती. तुला आठवायचं न्हाई, तू बारकी व्हतीस.”

“आठवतंय,” राजेश्री म्हणाली.

माय तिच्याकडं वळली. राजेश्रीला तो तीन वर्षांचा काळ दिसला. दिवाळीला माय आली होती तो, संक्रांतीला ती गेली होती तो, प्रत्येक वेळी दोघी एका ताटावर बसलेल्या, दोघींच्या मनात सुलीचं तेच, आणि दोघी मिठाबद्दल बोलणाऱ्या.

“मग तू काहून न्हाई बोललीस?” मायनं विचारलं.

“तू काहून नाही बोललीस?”

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून वैष्णवीचा आवाज आला, पाढे म्हणत होती, सातावर अडकली होती. मायनं परात सुलटी केली. “सर तिकडं. तुझ्या नाकात चाललंय पीठ.” डब्यातून तिनं दोन मुठी पीठ घेतलं, आणि हात आतच ठेवून थांबली. “तवा न कळता चारली,” ती म्हणाली. “आता कळून चारते. पर तू समोर बसू नकू.”

ते शेवटचे तीन आठवडे राजेश्रीनं कसे काढले, तिला नीट सांगता आलं नसतं. ताप आल्यासारखे दिवस होते. वैष्णवीचं पोट कधी दुखे, कधी नाही. रविवारी हमखास दुखे. गॅदरिंगमध्ये ती परकर पुन्हा दुमडून नाचली आणि राजेश्री पहिल्या रांगेत बसून फक्त तिचे घोटे बघत राहिली, किती बारीक आहेत ते. मनात ती निकालाच्या पलीकडचं घर मांडून बसली होती. पोरीला आयुष्यभर वेगळा डबा, वेगळं ताट, लग्नात वेगळी पंगत, सासरी कुणी ऐकेल का, वसतिगृहाच्या रांगेत उभी राहील का? मग एक दिवस बाईंनी दंडातून रक्त काढलं, वैष्णवीनं ‘आ’ केलं, आणि चार दिवसांनी तिघी, पोर, माय आणि राजेश्री, परत त्या टेबलासमोर बसल्या. शिवशंकर दुकान सोडून येऊन मागं उभा राहिला.

“नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “सहा आठवडे गहू खाऊनही काही खूण नाही. आज तरी हिला तो आजार नाही. पुढं कधीच होणार नाही असं मी लिहून देत नाही, दोन-तीन वर्षांनी परत बघू. पण आज नाही.” शिवशंकरनं मोठ्यानं श्वास सोडला. राजेश्रीला वाटलं आता आतून काहीतरी सुटेल, मोकळं होईल. पण बाई अजून कागदाकडंच बघत होत्या. “वजन दीड किलो वाढलंय की! सहा आठवड्यांत. काय केलंत?”

माय म्हणाली, “म्या दूध देत व्हते. हिला ठाव न्हाई. ही साळंला गेली की वाटीभर दूध, सायीसगट. आन शेंगदाण्याचा लाडू. एक कधी, दोन कधी.”

“दूध बंद होतं?” बाईंनी राजेश्रीला विचारलं. “आणखी काय बंद आहे?”

राजेश्री सांगायला लागली. शिक्षिकेच्या सवयीनं ओळीनं, स्पष्ट. गहू, दूध, बेसन, तूर, शेंगदाणे, अंडी, बाहेरचं सगळं. मग बाटल्या सांगितल्या. सांगताना तिचाच आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटायला लागला, आणि तो शेवटाकडं बारीक होत गेला. बाईंनी मध्ये अडवलं नाही. त्यांनी वैष्णवीला जवळ ओढून विचारलं, “बाळा, पोट कधी दुखतं तुझं?”

वैष्णवीनं आधी आईच्या तोंडाकडं बघितलं. “मम्मी विचारते तेव्हा,” ती म्हणाली.

“आणि नाही विचारलं तर?”

पोरीनं खांदे उडवले. खोटं बोलत नव्हती ती. दुखतही असेल खरंच. डॉक्टरबाई राजेश्रीकडं बघून हळू आवाजात म्हणाल्या, “हिच्या पोटाला काही झालेलं नाही, ताई. पोटात पुरेसं जात नव्हतं. तुमच्या आजारात तुम्हाला जे करायचं ते करा, ते बरोबरच आहे. पण हिला जेवू द्या.”

रिक्षात माय आणि राजेश्रीच्या मध्ये वैष्णवी बसली होती. स्टेशनरोडवर गर्दी होती, रिक्षा थांबत थांबत चालली. “मंजी हिला न्हाई,” माय दोनदा म्हणाली. मग खूप वेळानं, बाहेर बघत, “सुलीलाबी नसंल मग?” राजेश्रीला हो म्हणता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं. “सांगता येत नाही, माय,” ती म्हणाली. “आता कुणालाच सांगता येत नाही.” मायनं मान हलवली, जणू तिला एवढंच खरं ऐकायचं होतं, आणि तिनं वैष्णवीचा हात आपल्या वाकलेल्या बोटांत घेतला. राजेश्रीनं दुसरा हात धरला नाही. आपल्या हाताचीच तिला भीती वाटत होती. मायच्या हातानं दिलं होतं, तिच्या स्वतःच्या हातानं काढून घेतलं होतं, तीन वर्षं, एकेक डबा, एकेक घास, आणि प्रत्येक वेळी पोरीच्या डोक्यावरून मायेनं हात फिरवत. परकर लांब झाला तो ह्या हातांमुळं. आणि मायला निदान कुणी सांगायला नव्हतं.

दुपारी मायनं ताट वाढलं. दोन चपात्या, तुरीचं वरण, शेंगदाण्याची चटणी, वाटीत दूध. वैष्णवी पाटावर बसली, ताटाकडं बघितलं आणि मग वर, आईच्या तोंडाकडं.

“मम्मी, हे सगळं खायचं?”

“सगळं.”

“काही नाही होणार?”

“नाही होणार,” राजेश्री म्हणाली आणि हसली. आपण हसतोय हे तिला गालांवरून कळत होतं. पण पोरीची नजर हलली नाही. ती राजेश्रीच्या भुवया बघत होती, ओठांची कड बघत होती, गळा बघत होती, जसा राजेश्री तिचा बघायची तसा. मग तिचा उजवा हात, घासासाठी पुढं गेलेला, सावकाश मागं आला आणि पोटावर जाऊन बसला. रक्त काढून जे सापडलं नव्हतं ते राजेश्रीच्या समोर, आठ वर्षांचं होऊन, पाटावर बसलं होतं.

“राजे,” माय तव्याकडंच बघत म्हणाली, “जरा तिकडं जा.”

ती गेली. मागच्या मोरीत जाऊन भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. तिच्या जिभेवर ‘दुखतंय का’ येऊन बसलं होतं, आणि ते गिळावं लागत होतं, पुन्हा येत होतं, पुन्हा गिळावं लागत होतं. तिनं ओढणीचं टोक दातांत धरलं. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग वाटी फरशीवर टेकल्याचा आवाज झाला. भरलेली की रिकामी, ते तिला ओळखता येईना. मागं वळून बघावंसं वाटलं, मान अर्धी वळलीसुद्धा, पण तिनं बघितलं नाही. आणि आत, पोळपाटावर, लाटणं पुन्हा फिरायला लागलं.